परस ग्रहावरचा पळपुटा

गंगाधर सरांनी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या इतक्या गावांचा इतिहास लिहिला होता, की त्या सगळ्या पुस्तकांवर विश्वास ठेवायचा तर जुन्या काळी एकाही लढाईत कुणी मागच्या रांगेत उभंच नव्हतं. रहिमतपूरच्या बाजूचं एक गाव म्हणे अमक्या तटावर सगळ्यांत आधी चढलं. त्याच तटावर, त्याच दिवशी, वाळव्याकडची आणखी काही गावंही सगळ्यांत आधीच चढली होती. तट केवढा होता आणि त्याला शिड्या किती लावल्या होत्या, हे सरांनी कधी कुणाला विचारलं नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. गाव बोलवायचं, सरपंच गाडी पाठवायचे, दुपारी पुरणपोळी, मग देवळात बैठक. प्रत्येक भावकी आपापला पूर्वज घेऊन यायची आणि सर त्याला आघाडीला नेऊन बसवायचे. घोड्यांना दाणा कुणी घातला, भाकऱ्या कुणी थापल्या आणि वेळ आल्यावर पळालं कोण, याबद्दल मात्र दोन्ही जिल्ह्यांत कुठंही काही माहिती मिळत नव्हती.

सरांच्या पत्नी चारुशीलाबाई साताऱ्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून या पुस्तकांची मुद्रितं तपासत. एकदा चष्मा काढून त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं गावोगाव शौर्य वाटत फिरलात. येताना थोडं घरी आणलं असतंत, तर सोसायटीच्या चेअरमनशी पाण्याचं बोलायला मला जावं लागलं नसतं."

सरांना ते फार लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. आयुष्यभर समोरचा जे म्हणेल ते त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. आता एकदा तरी आपल्या मनासारखा इतिहास लिहावा, असं त्यांनी ठरवलं. पण जिथं कुणाचा वंशज नाही, कुणाचा पुतळा नाही आणि जिथून कुणी गाडी भरून घरी येणार नाही, अशी जागा त्यांना पृथ्वीवर सापडेना. म्हणून ते आभाळात गेले.

त्यांनी एक तारा कल्पिला आणि त्याचं नाव ठेवलं निरंजनी. आपल्यापासून तो इतका लांब, की तिथली बातमी इथं पोचेपर्यंत तिचा इतिहास झालेला असतो. त्याच्याभोवती तीन ग्रह. सरांचं बालपण वाईत गेलेलं, त्यामुळे ग्रहांना नावं घरातलीच सुचली. ताऱ्याला चिकटून असलेला, कायम तापलेला, तो ओसरी. मधला, पिकापाण्याचा, तो माजघर. आणि पार मागचा, गारठलेला, जिथं बाकीच्या दोघांनी आपला केरकचरा टाकायचा, तो परस.

माणसं आपल्यासारखीच, फक्त हात चार. चार हातांमुळे तिथं कामं दुप्पट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात नमस्कार दुप्पट व्हायला लागले. दोन हात मोठ्यांना जोडायचे आणि दोन त्याहून मोठ्यांना. त्याहून मोठा कोण, यावरून ओसरी आणि माजघर यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या युद्धं चालली. आपण सगळे दुसरीकडूनच इथं आलो, हे तिन्ही ग्रहांना मान्य होतं. आधी कोण आलं, एवढंच काय ते ठरत नव्हतं. ओसरीवाल्यांनी पुरावा म्हणून एक खडक उभा केला, तर माजघरवाल्यांनी एका पहाटे त्याला शेंदूर फासून तो आपला करून घेतला. केरसुणी नावाचा एक शेपटीवाला तारा बऱ्याच वर्षांनी एकदा फेरी मारून जायचा. तेव्हा तिन्ही ग्रहांची यानं वाजतगाजत त्याला प्रदक्षिणा घालत, आणि पहिलं यान कुणाचं या वादात त्यातली निम्मी परत येत नसत.

हे सगळं लिहिताना सरांना मजा आली. पण त्यांचा खरा जीव होता तो वेल्हारच्या प्रकरणात. परस ग्रहाभोवती बर्फाचं कडं होतं आणि त्या कड्यात एक खिंड होती. बाहेरून लुटारू आले तेव्हा खिंडीवरचे पहारेकरी लढले आणि एकजात मेले. एकटा वेल्हार चारही हातांतली हत्यारं टाकून पळाला. पुढं तो एका फुटक्या चंद्रावर राहिला, त्यानं संसार केला, पोरं वाढवली. पण केरसुणी यायची त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटत नसे. सगळे शिळं खात आणि मिरवणूक जाईपर्यंत तिच्याकडं पाठ करून उभे राहत. वेल्हार मेल्यावरही त्याच्या घराण्यानं ही रीत सोडली नाही.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक भित्रा माणूस लिहिला होता, आणि लिहिताना त्यांना रडू आलं. गावोगावचे ते सगळे शूर पूर्वज त्यांना कधी ओळखीचे वाटले नव्हते. वेल्हार मात्र सख्ख्या भावासारखा वाटला.

पुस्तक निघालं. आत पहिल्याच पानावर छापलं होतं, की हे सर्व काल्पनिक आहे. साताऱ्यात ते ज्यांना भेट दिलं त्यांनी कपाटात ठेवलं आणि सर आपल्या आनंदात राहिले. एक प्रत मात्र कशी कोण जाणे आष्ट्याच्या बाजूला गेली आणि तिथून पाणंदवाडीत पोचली. तिथल्या जयराजची बायको संयोगिता वाचणारी होती. स्वयंपाकघरात बसून ती आपल्या आजेसासूला, बनुबाईंना, ते पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवायची. एका दुपारी जयराज पाणी प्यायला आत आला, त्यानं वेल्हारच्या घरची रीत ऐकली आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

कारण पाणंदवाडीत सिदोबाच्या जत्रेला पालखी निघते, तेव्हा सगळं गाव तिच्यावर गुलाल-खोबरं उधळतं आणि एकच घर तिच्याकडं पाठ करून उभं राहतं. त्या दिवशी त्यांची चूल पेटत नाही. आदल्या दिवशीची भाकरी आणि कांदा. गाव त्यांना पाठमोरं घर म्हणतं. ते घर जयराजचं. त्यांचा मूळपुरुष जुन्या काळी एका धाडीत गावची वेस लढवताना पडला, त्या शोकात घराणं देवाचा आनंद बघत नाही, असं कारण ते सांगत. सरांनीच ते पाणंदवाडीच्या इतिहासात, त्याच घरची पुरणपोळी खाऊन, मोठ्या थाटात लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरले. शंभर गावांच्या रीती डोक्यात कोंबलेल्या; त्यातली एक निसटून परस ग्रहापर्यंत गेली आणि त्यांना वाटलं, ती आपल्यालाच सुचली.

पुढच्या रविवारी साताऱ्यात फ्लॅटखाली गाड्या लागल्या. जयराजबरोबर वरच्या आळीचे हंबीररावही होते. पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान त्यांच्या घराचा, आणि त्यावरून दोन्ही घरांत जुनी तेढ. ते इतक्या लांब जयराजच्या दुःखात सामील व्हायला आले होते आणि दिसायला फार खुशीत होते.

"सर, तुमी आमच्या मूळपुरुषाला पळपुटा केला," जयराज म्हणाला.

"जयराजराव, तो दुसरा तारा आहे."

"आसू दे की. रीत आमची हाय."

"तिथल्या माणसांना चार हात आहेत."

"दोन हात जादा लावलं म्हणून आमी आमच्या मानसाला वळखायचं न्हाई व्हय?"

सरांनी पहिलं पान उघडून 'काल्पनिक' हा शब्द दाखवला. जयराजनं तो नीट वाचला. "आवं, हे पळायचं जे हाय ते काल्पनिक. बाकी समदं खरं हाय की ह्यात," तो म्हणाला.

हंबीरराव चहाचा कप खाली ठेवून हळूच पुढं सरकले. "सर, वाईट वाटून घिऊ नका. पळाला त्यो ह्यांचा, हे आता छापून आलंच हाय. पर थांबून मेलं ते कुनाचं, ते बी लिवा की एकदा. आमचंच आसणार."

जयराजनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी सिदोबाच्या देवळात गाव जमेल. सरांनी यावं आणि सगळ्यांसमोर दुरुस्ती वाचावी, की वेल्हार पळाला नव्हता, तो मदत आणायला गेला होता. "न्हाईतर पोरं ऐकायची न्हाईत. त्यांच्या भावना दुखावल्यात. पुस्तक वाचल्यालं न्हाई त्यांनी, पर लय दुखावल्यात."

"बघतो," सर म्हणाले. आयुष्यभर ते असंच 'बघतो' म्हणत आले होते आणि त्याचा अर्थ दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना ठाऊक होता.

गाड्या गेल्यावर चारुशीलाबाईंनी कप गोळा केले. "बदला की. त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "तुमचा एकच माणूस होता तो. आता तोही आघाडीला गेला, की तुमचं दुकान पूर्ववत सुरू."

सरांनी दुरुस्ती लिहिली. 'वेल्हार मदत आणायला गेला होता' हे एवढंसं वाक्य, पण ते लिहून झाल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. मदत आणायला गेलेला माणूस चूल का विझवेल? पाठ का फिरवेल? त्या एका वाक्यानं वेल्हारची सगळी लाज काढून घेतली, आणि लाज गेल्यावर त्या फुटक्या चंद्रावर कुणीच उरलं नाही. सर स्वतःवरच चिडले. चिडून त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती गुमान खिशात ठेवली.

पाणंदवाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर वर सिदोबा, खाली जयराज, आणि जयराजच्या मागे ढगांत चार हातांचा, मिशावाला वेल्हार. एका हातात तलवार, एका हातात भाला, तिसऱ्यात ढाल आणि चौथ्यानं तो गावाला आशीर्वाद देत होता. म्हणजे दुरुस्ती व्हायच्या आधीच तो मदत घेऊन परत आला होता. फ्लेक्स बघून सर काही वेळ गाडीतून उतरलेच नाहीत.

देवळाचा सभामंडप भरला होता. बाप्ये पुढं, बाया एका कडेला, आणि बायांत भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बनुबाई. शाल-नारळ झाला. जयराजनं माइक दिला. सरांनी कागद उघडला.

"परस ग्रहाच्या खिंडीवर जेव्हा धाड आली," त्यांनी वाचलं, "तेव्हा वेल्हार..."

इथं थांबून ते पाणी प्यायले. पुन्हा "तेव्हा वेल्हार" इथपर्यंत आले आणि पुन्हा थांबले. माइक खरखरला.

बनुबाईंनी काठीनं फरशी ठोकली. "मास्तर, कागूद ऱ्हाऊ द्या. त्वांडानं सांगा. त्यो पळाला, का मदतीला गेला?"

सगळं देऊळ सरांकडं बघत होतं. जयराज मान हलवून वाक्य सुचवत होता. आपण आत्ता खिंडीत उभे आहोत हे सरांना कळत होतं. पळायला वाट होती. ती वाट कागदावर, त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती.

"पळाला," सर म्हणाले.

गलका झाला. मागची पोरं उठली. जयराज माइक ओढायला पुढं आला, तेवढ्यात म्हातारीनं पुन्हा काठी ठोकली.

"बरूबर हाय," ती म्हणाली. "आमचा बी पळालाच हुता."

"आज्जे, तू गप बस," जयराज म्हणाला.

"लय वर्सं गप बसले रं. लगीन हून आले तवा सासूनं चुलीपाशी बसवून सांगितलं, तिला तिच्या सासूनं. येशीवर धाड आली आन ह्यो पळाला. म्हणून चूल विझवायची, म्हणून देवाला त्वांड दावायचं न्हाई. बायांनी शिळं खायाचं आन बाप्यांनी शौर्य सांगायचं, ही आपल्या घरची वाटणी हाय. आन पळाला म्हणून काय बिघडलं? येशीवर जे थांबलं, ते बारकी पोरं हुती, तिथंच सपली. त्यांची भावकी गावात एक दावा मला. त्यो पळाला म्हणून तू हाईस जयराजा. न्हाईतर हितं माइक कुनी धरला आसता?"

जयराज खांबाला टेकून खाली बसला. हंबीरराव मिशीत हसले. पण ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण म्हातारीचा हिशेब त्यांच्याही घराला लागू होत होता. थांबले ते निर्वंश झाले असतील, तर वरची आळी आली कुठून? इतकी भरलेली आळी?

ते उठले, घसा साफ केला. "तसं बघितलं तर... आमचा बी पळाला आसंल."

"आसंल न्हवं, पळालाच," बनुबाई म्हणाल्या.

मग हंबीरराव मूळ स्वभावावर गेले. "पळाला तर पळाला. पर एक सांगतो. आमची आळी येशीच्या जवळ हाय. म्हंजी पळायला पयला आमचाच निघाला आसणार."

"वा रं वा," जयराज ताडकन उठला. "इतकी वर्सं शिळं आमी खाल्लं, आन पयला तुमचा पळाला व्हय? रीत कुनाच्या घरात हाय?"

"तुमी रीत पाळली, आमी मन मोठं केलं. पळायला कुनी कुनाला आडवलं नव्हतं."

मग कुंभार आळीतून एकजण म्हणाला, की त्यांचा पूर्वज तर धाडीची नुसती कुणकुण लागताच गेला होता. खालच्या आळीनं सांगितलं, की आमच्याकडं घोडं होतं. दुपारपर्यंत पाणंदवाडीत न पळालेला एकही पूर्वज शिल्लक राहिला नाही. पाठमोरं उभं राहण्याचा मान एकाच घराला का, हा प्रश्न निघाला. वादावादी झाली, दोघांचे सदरे फाटले, आणि शेवटी ठरलं, की उद्यापासून सगळं गाव पाठमोरं उभं राहील.

हंबीररावांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, दुसऱ्या आवृत्तीत खिंडीवरचं समदंच पळालं आसं करा. आन आमचा जरा आघाडीला घ्या."

"नाही," सर म्हणाले. दुसऱ्यांदा मोठ्या आवाजात म्हणाले, "नाही. वेल्हार एकटाच पळाला. त्याच्या पुढं कुणी नव्हतं आणि मागंही कुणी नव्हतं. हे असंच राहणार."

"बघा मग, सवडीनं," हंबीरराव म्हणाले. सरांचं 'नाही' त्यांनी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांना 'बघतो' असंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. हलगी कडाडली, ढोल वाजला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सगळी पाणंदवाडी सिदोबाकडं पाठ करून उभी राहिली. गुलाल खांद्यावरून मागं उधळला जात होता आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांत जात होता. पोरं मोबाइल वर धरून पालखीबरोबर आपले फोटो काढत होती; त्यांना पाठ करून उभं राहण्यात नवीन असं काही नव्हतं. वरच्या आळीला पहिला खांदाही सोडवत नव्हता आणि पाठही फिरवायची होती, म्हणून मागच्या दांडीखालच्यांनी देवाकडं पाठ करून उलटं चालायचं ठरवलं होतं. दर चार पावलांवर ती कुणाच्या तरी ओट्याला धडकत होती. जयराज सगळ्यांत पुढं, सगळ्यांत ताठ, सगळ्यांत पाठमोरा उभा होता, आणि कुणी चुकून वळून बघतंय का, यावर त्याचं बारीक लक्ष होतं.

सर देवळाच्या कोपऱ्यावर बनुबाईंच्या खुर्चीपाशी थांबले होते. त्यांचा जीव हलका झाला होता आणि त्याच वेळी त्यांना वाईटही वाटत होतं. वेल्हारला त्यांनी वाचवलं होतं खरं, पण इथं आता त्याच्या जातीचं कुणी राहिलं नव्हतं. लाजेचा मान झाला होता आणि मानासाठी रांग लागली होती. म्हातारी नेहमीप्रमाणे भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "समदी पाठमोरी हायत?"

"सगळी."

"मजकडं कोन बघतंय का?"

सरांनी इकडं तिकडं पाहिलं. "कुणी नाही."

"मग जरा ही खुर्ची फिरवा."

सरांनी खुर्ची धरून वळवली. लग्न होऊन या गावात आल्यापासून बनुबाईंनी जत्रेतला देव पाहिला नव्हता. पालखी उलट्या पावलांनी अडखळत त्यांच्या अगदी पुढ्यात आली. गोंडे, फुलं, रेशमी गादी, आणि मधे हातभर कापडात गुंडाळलेला चांदीचा मुखवटा, वाटीएवढा. म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली.

"येवढासाच हाय व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, लय मोठा आसंल. येवढ्याशाला त्वांड दावायचं न्हाई म्हणून आमी जलमभर शिळं खाल्लं."

मग तिनं हात जोडले, आणि पालखी वळणाआड जाईपर्यंत मान फिरवली नाही.